एकाच वस्तूची दोन नावं: कुठं बदलावीत, कुठं हात लावू नये

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या पुलांवरचा एक लेख माझ्याकडे तपासायला आला होता. पहिल्याच परिच्छेदात ‘लकडी पूल’ हे नाव सात वेळा आलं होतं. पुनरुक्ती डोळ्यांना टोचते, म्हणून मी तीन ठिकाणी ते खोडून ‘संभाजी पूल’ केलं. पूल तोच. कागदोपत्री छत्रपती संभाजी पूल, लोकांच्या तोंडी लकडी पूल. यात बिघडण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. लेख छापून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत एका वाचकाचा फोन आला. ‘‘संभाजी पुलाला हे नाव पडलं कारण तो पूर्वी लाकडाचा होता, असं छापलंय तुम्ही. आता संभाजी आणि लाकूड यांचा संबंध तेवढा समजावून सांगा.’’ मी काय समजावणार! मूळ वाक्य निर्दोष होतं, खोटं मी केलं होतं, आणि तेही एकही चुकीची माहिती न घालता.

तेव्हापासून नाव बदलण्याआधी मी पेन्सिल खाली ठेवतो आणि काही गोष्टी तपासतो. ती तपासणीच इथे लिहून काढतो आहे. प्रुफं तपासणाऱ्यांना आणि भाषांतर करणाऱ्यांना ती रोज लागेल. तत्त्वज्ञानाच्या किंवा भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात हाच विषय ‘समनिर्देशी पदांची अदलाबदल’ असल्या भारदस्त नावाने येतो. परीक्षेपुरतं पाठ करून तो कळत नाही, स्वतःच्या वाक्यांवर करून पाहिला की कळतो.

आधी नियम. सतराव्या शतकातल्या लाइबनिट्स या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावावर तो आहे: ज्या दोन गोष्टींपैकी एकीच्या जागी दुसरी ठेवली तरी सत्य अबाधित राहतं, त्या एकच. आपल्या कामापुरतं तो उलट्या बाजूने वाचायचा. दोन पदं एकाच वस्तूकडे बोट दाखवत असतील, तर एकाच्या जागी दुसरं ठेवल्यावर खरं वाक्य खरंच राहायला हवं आणि खोटं खोटंच. ‘लकडी पूल मुठा नदीवर आहे’ खरं, म्हणून ‘संभाजी पूल मुठा नदीवर आहे’ हेही खरं. मुठेला काय, पाटीवर काही का लिहिलेलं असेना. आपण रोज बोलतो त्यातली बहुतेक वाक्यं अशीच सरळ असतात. फसवणारी थोडी असतात, पण ती चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत.

पायरी पहिली: दोन्ही बोटं खरंच एकाकडे आहेत का?

समासात एक वाक्य लिहा: ‘क म्हणजेच ख.’ ते मोठ्याने वाचा आणि त्याला तारीख जोडा. तारीख का, ते विद्यापीठाच्या उदाहरणावरून कळेल. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे नाव २०१४ साली मिळालं. संस्था एकच, त्यामुळे ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं’ हे वाक्य खरंच आहे. नव्या नावाने जुनी गोष्ट सांगता येते. पण जुन्या पदवी प्रमाणपत्राचा मजकूर अवतरणात देताना तिथे नवं नाव घातलं तर तो बनावट दस्तऐवज झाला.

पदनामांच्या बाबतीत तारीख आणखी महत्त्वाची. ‘पुण्याचे महापौर’ हे बोट दर काही वर्षांनी दुसऱ्या माणसाकडे वळतं. आडनावंही अशीच. जुन्या नाटकांवरच्या लेखातले ‘गडकरी’ आणि आजच्या बातमीतले ‘गडकरी’ एक नव्हेत, आणि ‘पुणे’ म्हटलं की कधी शहर, कधी जिल्हा, कधी महापालिका, तर कधी सदाशिव पेठेतले चार लोक! इथेच गडबड असेल तर पुढच्या पायऱ्यांकडे जायचं कारण नाही.

पायरी दुसरी: वाक्य शेपटीकडून वाचा

नाव ज्या पिंजऱ्यात बसलेलं असतं तो पिंजरा शोधणं हे या सगळ्या कामाचं मर्म. पिंजरा म्हणजे असा शब्द, जो नावाने दाखवलेल्या वस्तूबद्दल बोलत नाही, तर ते नाव, ती समजूत, ती इच्छा किंवा ती शक्यता यांबद्दल बोलतो. ‘म्हणतात’, ‘नाव पडलं’, ‘वाटतं’, ‘ठाऊक आहे’, ‘हवंय’, ‘शोधतोय’, ‘असणारच’ हे नेहमीचे पिंजरे.

मराठीत अडचण अशी की पिंजऱ्याचं दार बऱ्याचदा शेवटी असतं. ‘संभाजी पूल ओलांडला की डावीकडे अलका टॉकीज आहे असं तिला वाटलं.’ पहिले आठ शब्द वाचून तुम्ही नाव बदलून मोकळे होता आणि ‘असं तिला वाटलं’ नंतर समोर येतं. म्हणून वाक्य शेपटीकडून वाचायची सवय लावा. क्रियापद आधी, मग ‘असं’, ‘म्हणून’, ‘की’, मग नाव. जिथवर पिंजऱ्याची सत्ता चालते तिथवर पेन्सिलीने चौकट आखा. नाव चौकटीबाहेर असेल तर बिनधास्त बदला. आत असेल तर थांबा.

पायरी तिसरी: नावाबद्दल बोलणं चाललंय की वस्तूबद्दल?

माझी फजिती इथली. ‘लकडी पुलाला हे नाव पडलं, कारण तो पूर्वी लाकडाचा होता.’ या वाक्यात नाव दोन कामं करतं. एकदा पुलाकडे बोट दाखवतं, आणि ‘हे नाव’ या दोन शब्दांमागे दडून स्वतःकडेही बोट दाखवतं. मी पहिलं काम दुसऱ्या नावाकडे सोपवलं, त्याबरोबर दुसरंही आपसूक गेलं. अमेरिकन तर्कवेत्ता क्वाइन याने विसाव्या शतकात हेच दाखवायला जॉर्जोने या इटालियन चित्रकाराचं उदाहरण घेतलं होतं. जॉर्जोने म्हणजे ‘थोरला जॉर्ज’, त्याला तसं म्हणत ते त्याच्या आकारमानामुळे. त्याचंच दुसरं नाव बार्बारेल्ली. ‘बार्बारेल्लीला तसं म्हणत ते त्याच्या आकारमानामुळे’ असं केलं की वाक्य कोसळतं.

आपल्याकडे अशी उदाहरणं खंडीभर आहेत. राम गणेश गडकरी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहीत, कारण धाकट्या भावाचं नाव गोविंद. ‘गोविंदाग्रजांचं हे नाव भावावरून आलं’ हे बरोबर. तिथे ‘गडकऱ्यांचं हे नाव’ केलं की वाचक आडनावाचं मूळ शोधायला लागेल.

दुरुस्ती सोपी आहे: दोन कामं दोन शब्दांना वाटून द्या. ‘संभाजी पुलाला “लकडी पूल” हे नाव पडलं, कारण तो पूर्वी लाकडाचा होता.’ आता बाहेरचं नाव कितीही बदला, अवतरणातलं जागचं हलवू नका.

हा फरक पाणिनीने फार आधी सूत्रात बांधून ठेवला आहे, आणि भांडारकर संस्थेच्या एवढ्या जवळ राहून आपण तो फक्त पाश्चात्त्यांच्या नावे सांगावा हे काही बरं नाही. त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथातलं सूत्र (१.१.६८) आहे ‘स्वं रूपं शब्दस्याशब्दसंज्ञा’. व्याकरणाच्या नियमात एखादा शब्द आला की तो त्या शब्दाचं स्वतःचं रूपच दाखवतो, पारिभाषिक संज्ञा तेवढ्या सोडून. ‘अग्नेर्ढक्’ (४.२.३३) या सूत्राने अग्नीपासून ‘आग्नेय’ तयार होतं. सूत्रातला ‘अग्नि’ म्हणजे चुलीतला जाळ नव्हे, ‘अग्नि’ हा शब्द. म्हणून पावक, अनल हे त्याच जाळाचे दुसरे शब्द असले तरी त्यांना तो प्रत्यय लागत नाही. प्रत्यय निखाऱ्याला चिकटवता येत नाही, हे उघडच आहे. याउलट ‘वृद्धि’ ही संज्ञा सूत्रात आली की तिचा अर्थ आ, ऐ, औ. तिथे शब्दाचं रूप नव्हे, त्याने दाखवलेले वर्ण घ्यायचे. अवतरणचिन्हं नसलेल्या परंपरेने अवतरणाचा नियम केला तो असा.

घरातलं उदाहरण हवं असेल तर उखाणा. नव्या सुनेला ‘नाव घे’ म्हणतात तेव्हा तिने चांदीच्या ताटात काहीही ठेवून शेवटी ‘आमचे हे’ म्हटलं तर मंडळी सोडत नाहीत. माणूस तोच, शेजारच्या खुर्चीवर बसून लाजतोय. पण मागणी माणसाची नव्हतीच.

म्हणी आणि वाक्प्रचार हेही याच पेटीतले, फक्त जास्त कडक. ‘पाण्यात पाहणे’चं ‘जलात पाहणे’ होत नाही, आणि नऊ म्हणजे तीन त्रिक असलं तरी नाकी तीन त्रिक येत नाहीत.

पायरी चौथी: मनाचे पिंजरे

ही पायरी सगळ्यात लांब, कारण चुका सर्वात जास्त इथे होतात.

जर्मन तर्कवेत्ता फ्रेगे याने १८९२ सालच्या निबंधात पहाटतारा आणि सांजतारा हे उदाहरण घेतलं. दोन्ही म्हणजे शुक्र ग्रह. तरीही ‘पहाटतारा म्हणजे पहाटतारा’ हे वाक्य काही शिकवत नाही, आणि ‘पहाटतारा म्हणजेच सांजतारा’ हा खगोलशास्त्रातला शोध आहे. त्याचं उत्तर असं: नाव वस्तू दाखवतं, पण वस्तू समोर ठेवण्याची त्याची एक तऱ्हाही असते. ‘वाटतं’, ‘ठाऊक आहे’ यांच्या चौकटीत गेल्यावर ती तऱ्हाच मोजली जाते.

हे उदाहरण मराठीत जसंच्या तसं आणून शिकवू नये, असं माझं मत आहे. मराठी माणूस पहाटेही ‘शुक्राची चांदणी’ म्हणतो आणि दिवेलागणीलाही. दोन नावं मुळात आपल्या घरातली नाहीत, त्यामुळे विद्यार्थी मान डोलावतात आणि त्यांना काहीच खटकत नाही. न खटकलेलं उदाहरण वाया गेलं म्हणून समजा.

मला खटकलेलं उदाहरण गेल्या पावसाळ्यातलं. फर्ग्युसन कॉलेजच्या फाटकासमोर एक मुलगा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन भिजत उभा होता. लातूरहून सकाळच्या गाडीने आलेला. कागदावर पत्ता छापलेला: नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ. ‘‘काका, हा गोखले पथ कुठं आला?’’ मी म्हटलं, ‘‘तू त्याच्यावरच उभा आहेस.’’ त्याने आधी पायाखाली पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘हा तर एफ.सी. रोड आहे ना?’’ त्याच्या आधी त्याने म्हणे दोघांना विचारलं होतं. एकाने ‘माहीत नाही’ सांगितलं आणि दुसऱ्याने त्याला डेक्कनला पाठवलं होतं. ते दोघंही रोज त्याच रस्त्याने जात-येत असतील.

आता वाक्यं मांडा.

‘तो एफ.सी. रोडवर उभा होता.’ चौकट नाही. ‘तो गोखले पथावर उभा होता’ हेही तितकंच खरं.

‘आपण एफ.सी. रोडवर उभे आहोत हे त्याला ठाऊक होतं.’ चौकट आहे. नाव बदलून ‘आपण गोखले पथावर उभे आहोत हे त्याला ठाऊक होतं’ केलं तर खोटं. ते ठाऊक असतं तर तो भिजत कशाला उभा राहिला असता?

नैयायिकांच्या, म्हणजे आपल्याकडच्या न्यायदर्शनाच्या पंडितांच्या भाषेत हे फार नेमकं सांगता येतं. त्यांच्या मते सविकल्पक ज्ञानात (‘हे अमुक आहे’ अशा ज्ञानात) एक विशेष्य असतं आणि एक प्रकार: जी वस्तू कळते ती विशेष्य, ज्या रूपाने कळते तो प्रकार. त्या मुलाच्या दोन ज्ञानांचं विशेष्य एकच रस्ता होता, प्रकार वेगळे होते. ‘ठाऊक’ची चौकट प्रकार जपते. तुम्ही विशेष्याकडे बघून नाव बदललंत, म्हणून वाक्य फसलं.

पण म्हणून चौकटीतल्या नावाला कधीच हात लावायचा नाही, असंही नाही. समजा मी महापालिकेला पत्र लिहितोय आणि मला फक्त अधिकृत नाव वापरायचं आहे. तेव्हा नाव चौकटीबाहेर ओढून काढा. त्यासाठी मराठीत ‘बद्दल’ आणि ‘विषयी’ हे फार कामाचे शब्द आहेत. ‘गोखले पथाबद्दल त्या मुलाची समजूत होती की तो एफ.सी. रोड आहे.’ बाहेरचं ‘गोखले पथ’ हे माझं बोट, आतलं ‘एफ.सी. रोड’ हे त्याचं. माझी जबाबदारी मी घेतो, त्याची त्याच्याकडे ठेवतो. बातमी लिहिताना हे न केल्याने किती घोळ होतात ते पाहा. ‘आरोपीने आपल्याच चुलत्यावर हल्ला करायचं ठरवलं’ असं छापून येतं. तो चुलता आहे हे अंधारात त्याला कळलं होतं का? नसेल तर त्याने ते ठरवलं नव्हतं. ‘ज्याच्यावर हल्ला करायचं त्याने ठरवलं, तो त्याचाच चुलता निघाला’ असं लिहा. दोन-तीन शब्द जास्त लागतील, पण न केलेल्या हेतूचा ठपका एका माणसावर बसणार नाही.

‘बद्दल’ने सगळं सुटतं असं समजू नका. क्रिपकी या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७९ साली एक कोडं घातलं. पिएर नावाचा फ्रेंच माणूस फ्रान्समध्ये असताना लंडनविषयी ऐकून फ्रेंचमध्ये म्हणतो की ‘लोंद्र सुंदर आहे’ (लोंद्र हे लंडनचं फ्रेंच नाव). पुढे तो लंडनच्या एका गलिच्छ वस्तीत राहायला जातो, तिथे ऐकून-बोलून इंग्रजी शिकतो आणि म्हणू लागतो की ‘लंडन सुंदर नाही’. दोन्ही एकच शहर हे त्याला कळलेलं नाही. मग लंडन सुंदर आहे असं पिएरला वाटतं की नाही? इथे आपण नावांची अदलाबदल केलेलीसुद्धा नाही, फक्त भाषांतर केलं. भाषांतर करणाऱ्यांनी हे कोडं कुठेतरी टाचून ठेवावं. अशा जागी मी मूळ नाव तसंच ठेवतो आणि वाचकाला कळेल असा एखादा शब्द शेजारी देतो.

पायरी पाचवी: हवंय, बघतायत, शोधतायत

‘काकू डॉक्टर सून शोधतायत.’ याचे दोन अर्थ होतात. एक, डॉक्टर असलेली कुठलीही चालेल. दोन, त्यांची सून डॉक्टर आहे आणि ती जत्रेत हरवली आहे. पहिल्या अर्थात ‘डॉक्टर सून’ हे बोट कुणाकडेच नाही, मग त्याच्या जागी दुसरं काय ठेवणार? दुसऱ्या अर्थात ठेवता येईल. म्हणून या क्रियापदांपुढे आधी विचारा: हिच्या मनात कुणी ठरावीक आहे का? नसेल तर बदलायचा प्रश्नच येत नाही.

पायरी सहावी: ‘असणारच’ आणि ‘असतं तर’

आठ ही संख्या सातपेक्षा मोठी असणारच, दुसरं काही होऊच शकत नाही. सूर्याभोवतीच्या ग्रहांची संख्या आठ आहे. म्हणून ग्रहांची संख्या सातपेक्षा मोठी असणारच? तसं काही नाही, सूर्यमाला वेगळी घडली असती तर पाचही ग्रह असते. हेही क्वाइनचंच उदाहरण. त्याच्या वेळी आकडा नऊ होता, २००६ मध्ये प्लूटोला वगळल्यावर आठ झाला, आणि त्या बदलानेच त्याचा मुद्दा आयता सिद्ध करून दिला. (आपले नवग्रह इथे आणू नका. त्यात सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतू आहेत, आणि पृथ्वी नाही.)

कामाला येईल तो फरक असा. विशेषनामं शक्यतांच्या प्रवासातही त्याच माणसाला धरून राहतात, वर्णनं सुटतात. ज्ञानपीठ मिळवणारे दुसरे मराठी लेखक म्हणजे वि. वा. शिरवाडकर. ‘ज्ञानपीठ मिळवणारा दुसरा मराठी लेखक दुसराच कुणी असू शकला असता’ हे खरं. ‘शिरवाडकर दुसरेच कुणी असू शकले असते’ याला अर्थच उरत नाही. म्हणून ‘असतं तर’, ‘शकलं असतं’, ‘असणारच’ यांच्या चौकटीत नावाच्या जागी नाव चालतं, पण नावाच्या जागी वर्णन किंवा वर्णनाच्या जागी नाव ठेवू नका.

पायरी सातवी: ‘की’च्या पलीकडचा ‘मी’

ही अडचण खास आपली, आणि इंग्रजी पुस्तकांवरून शिकणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटते. ‘दादा म्हणाला की मी दमलो आहे.’ इथला ‘मी’ कोण? बहुधा दादा. मराठीत ‘की’नंतर दादाचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात, अवतरणचिन्हं न लावताही. पण ‘दादा म्हणाला की मी दमले आहे’ असं असेल तर ‘मी’ म्हणजे हे सांगणारी बहीण. एका कान्याच्या फरकाने बोट फिरलं. मुलाखती शब्दबद्ध करताना ‘मी’च्या जागी नाव घालायची वेळ येते तेव्हा क्रियापदाचं लिंग बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘मी येणार नाही’ अशा ठिकाणी लिंगही मदत करत नाही. तिथे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐका.

आणि ‘मी’ काढून नाव घातल्यावर काहीतरी हरवतंच. तत्त्वज्ञ जॉन पेरी याने १९७९ साली लिहिलेला प्रसंग पाहा. दुकानात जमिनीवर साखरेची रेघ दिसते. कुणाची तरी पिशवी फाटलीय म्हणून तो त्या माणसाला शोधत मांडणीभोवती चकरा मारतो, रेघ जाड होत जाते, आणि शेवटी कळतं की फाटकी पिशवी त्याच्याच सामानाच्या ढकलगाडीत आहे. ‘ज्याची पिशवी फाटलीय तो पसारा करतोय’ हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ‘मी पसारा करतोय’ हे कळल्यावरच त्याचा हात पिशवीकडे गेला. वर्तमानपत्री मराठीने यासाठी ‘आपण’ राखून ठेवला आहे: ‘आपण दमलो असल्याचं दादाने सांगितलं.’ तो ‘आपण’ काढून ‘दादा’ घातलात तर दादाला स्वतःचं नाव आठवत होतं की नाही असा प्रश्न पडतो. असा ‘आपण’ सहसा हलवू नये.

पायरी आठवी: पिंजरा नसतानाही खटकतं तेव्हा

‘नारायणराव घरून निघाले आणि बालगंधर्व रंगमंचावर आले.’ यात ‘वाटलं’ नाही, ‘म्हणतात’ नाही, चौकट काहीच नाही. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व. आता नावं उलटसुलट करा: ‘बालगंधर्व घरून निघाले आणि नारायणराव रंगमंचावर आले.’ नियमाने बिघडायला नको, पण कानाला बिघडलेलं लागतं. तत्त्वज्ञ जेनिफर सॉल हिने १९९७ साली सुपरमॅनच्या उदाहरणाने नेमकं हेच दाखवलं आणि जाणकारांत बराच वाद झाला. कुणी म्हणतं सत्यता खरोखर बदलते, कुणी म्हणतं ती तशीच राहते, फक्त सुचवलेलं बदलतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण प्रुफावर त्या वादाने फरक पडत नाही. एका माणसाची दोन नावं दोन भूमिकांना वाटून दिलेली असली की त्या भूमिकेचंच नाव ठेवा. गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ म्हणून लिहिले. ‘गोविंदाग्रजांचं नाटक’ असं लिहिणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणणार नाही, अडाणी म्हणतील.

पायरी नववी: खरं आहे, पण तसं म्हणू नये

यावर फार लिहीत नाही, घरात वाढलेल्या प्रत्येकाला हे येतं. ‘बांगडी फुटली’ आणि ‘बांगडी वाढवली’ यांत काचेच्या बाजूने काही फरक नाही. श्रद्धांजलीच्या लेखात ‘ताई’च्या जागी आडनाव घातलं तर सत्य अबाधित राहतं आणि लेखिका बोलणं सोडते. हा अनुभवही माझाच.

आता एक उतारा घेऊन सगळं लावून पाहू. कच्चा मजकूर असा:

‘कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ रोजी पुण्यात झाला. कुसुमाग्रजांना हे नाव बहिणीमुळे मिळालं. कुसुमाग्रजांना १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. माझ्या मामांना कुसुमाग्रज फार आवडत, शिरवाडकर तितकेसे नाहीत.’

लेखकाचा निरोप: ‘कुसुमाग्रज फार वेळा आलंय, जमेल तिथे बदला.’

पहिलं वाक्य. शेपटीला ‘जन्म झाला’, चौकट नाही. ‘शिरवाडकरांचा जन्म’ चालेल. ‘विष्णू वामन शिरवाडकर’ असं पूर्ण नावही चालेल, जरी जन्मतः ते गजानन रंगनाथ होते आणि दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले. नावापेक्षा माणूस आधी जन्माला येतो, वाक्य माणसाबद्दल आहे. मात्र ‘बारशाला त्यांचं नाव ठेवलं’ असं वाक्य पुढे आलं तर तिथे गजाननच. आणि तारखेच्या जागी ‘मराठी भाषा गौरव दिनी’ घालायचा मोह आवरा. दिवस तोच, पण १९१२ साली तो गौरव दिन नव्हता. त्यांच्या जन्मामुळे तो पुढे झाला.

दुसरं वाक्य. ‘हे नाव’ दिसलं की हात मागे. कुसुम ही धाकटी बहीण, तिचा अग्रज तो कुसुमाग्रज. बदलायचंच असेल तर: ‘शिरवाडकरांनी “कुसुमाग्रज” हे नाव घेतलं ते बहिणीच्या नावावरून.’

तिसरं. ‘पुरस्कार मिळाला’, चौकट नाही. ‘त्यांना’ म्हटलं तरी पुरे. ‘त्यांना’ हा आपल्या भाषेतला सर्वात स्वस्त समनिर्देशी शब्द आहे आणि आपण तो उगाच विसरतो.

चौथं. वरवर पाहता ‘अ आवडत, अ आवडत नसत’ असा सरळ विरोध. दोन्हीकडे एकच नाव घातलं तर मामा वेडे ठरतात. पण मामांना म्हणायचंय की कविता आवडत, नाटकं तितकीशी नाहीत, कारण कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने आहेत आणि नाटकं शिरवाडकर या नावाने. ‘आवडणे’ मनाचा पिंजरा आहे आणि आठवी पायरीही इथेच लागते. दोन्ही नावं जागच्या जागी ठेवली. लेखकाला समासात लिहून पाठवलं: ‘चौथ्या वाक्यात काही बदललेलं नाही, मामांना विचारल्याशिवाय बदलता येणार नाही.’ त्याचं उत्तर आलं, ‘मामा आता नाहीत. राहू दे तसंच.’